वतन सोडून आले, सोलापूरचे झाले

माणूस रोजीसाठी वतन सोडतो तेव्हा सोबत काय नेतो? कपड्यांचे गाठोडे, दोन-चार भांडी आणि हातातली कारागिरी. याशिवाय भाषा, जेवणाची चव आणि सणही त्याच्याबरोबर येतात. आज आपल्या घराघरांतून मुले पुण्याला, हैदराबादला, आखाती देशांत चालली आहेत. परमुलुखात राहावे कसे, हा प्रश्न त्यांच्यापुढे आहे आणि आई-वडिलांपुढेही. त्याचे उत्तर शोधायला आम्हा सोलापूरकरांना लांब जावे लागत नाही. ते आमच्याच शहराच्या पूर्व भागात आहे.

या भागातले पद्मशाली विणकर मूळचे तेलंगणाचे. तो मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. राज्य वेगळे, भाषा वेगळी. दुष्काळ आणि कामाची चणचण यांनी त्यांना गाव सोडायला लावले. इकडे सोलापुरात रेल्वे आली होती, सुताचा बाजार होता, १८७७ मध्ये कापडगिरणीही सुरू झाली. हातमाग घेऊन आलेल्यांच्या पुढच्या पिढ्या यंत्रमागावर बसल्या. सोलापुरी चादरीला आज भौगोलिक मानांकन आहे, ती देशभर पोहोचवण्यात या हातांचा मोठा वाटा आहे. शहराने त्यांना काम दिले, त्यांनी शहराला नाव दिले.

इतक्या पिढ्या गेल्या, तरी त्यांच्या घरात तेलुगू बोलली जाते. बाजारात मराठी, शेजारी कन्नड आणि आमच्या मोहल्ल्यात दखनी. महापालिकेने मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमांच्या शाळा चालवल्या. आम्ही शिक्षक रोज पाहतो, मूल घरात एक भाषा बोलते, गल्लीत दुसरी, आणि त्याचा गोंधळ होत नाही. आमच्या दखनीतला 'नक्को' तरी कुठून आला? मराठीच्या 'नको'मधूनच. भाषा शेजाऱ्याकडून घेतल्याने आपली कमी होत नाही.

जेवणाचेही तसेच. अंबाडीची आंबट भाजी मराठी घरात भाकरीबरोबर खातात. कन्नड माणूस तिला पुंडी म्हणतो, तेलुगू घरात ती गोंगुरा होते आणि आपल्याकडे हीच पाने गोश्तात पडतात. मंडईत मात्र जुडी एकच!

सण त्यांनी सोडले नाहीत. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस बतुकम्मा चालते. तरवड, कुरडू, झेंडू अशी फुले थरावर थर रचून बायका भोवती फेर धरतात, गाणी म्हणतात. तेलंगणात मोहरमला हिंदू लोकही 'पीर्ला पंडुगा', म्हणजे पिरांचा सण म्हणतात आणि त्यात भाग घेतात. त्या मुलखातून आलेल्या माणसाला आपला मोहल्ला परका वाटण्याचे कारण नव्हते.

पुरुष मागावर, तर बाई विडीवर. मांडीवर सूप, त्यात पाने, तंबाखू आणि दोरा, असे सोलापूरच्या हजारो घरांचे चित्र. या कष्टात तेलुगू बाई आहे तशी मुस्लिम बाईही आहे. दोघींची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानेच ठरते. विडी कामगार महिलांनी हक्काच्या घरांसाठी लढा दिला आणि २००६ मध्ये कुंभारी येथे गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरे उभी राहिली. भाषा आणि धर्म वेगळे, पण मागणी एक होती.

आपल्या इतिहासातही असे दाखले आहेत. मालेगाव-भिवंडीचे मोमीन विणकर उत्तर हिंदुस्थानातून असेच माग घेऊन आले. हिजरतीनंतर मदिनेत हजरत साद बिन रबीअ (रजि.) यांनी मक्केहून आलेल्या हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. त्यांनी बरकतीची दुआ दिली आणि बाजार कुठे आहे, एवढेच विचारले. पनीर आणि तूप विकून त्यांनी सुरुवात केली. यजमानाने दार उघडले आणि पाहुण्याने ओझे टाकले नाही. परमुलूख आपला होतो तो या दोन्ही गोष्टी जुळल्यावर.

आज यातली पहिली गोष्ट कमी पडते आहे. मोठ्या शहरात नाव ऐकून खोली नाकारली जाते, हा अनुभव आपल्या अनेक मुलांना येतो. तो अन्यायच आहे आणि तसे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण आपल्या मोहल्ल्यात नव्याने आलेल्या परभाषक कुटुंबाची चौकशी आपण करतो का, हेही घरात विचारले पाहिजे. मागांचे काम घटत चालले आहे. एका कारखान्यात शेजारी उभे राहून होणाऱ्या ओळखी त्याबरोबर घटतील. मग ओळख मुद्दाम करावी लागेल.

म्हणून मुलगा किंवा मुलगी बाहेरगावी निघाली, की बॅगेत लोणच्याच्या बरणीबरोबर एवढे सांगून पाठवावे: तिथली भाषा महिनाभरात बोलायला लाग, काम चोख कर, नमाज-रोजा आणि आपली जबान सांभाळ, आणि ईदला शेजाऱ्याच्या दारी शीरखुर्म्याची वाटी ने. आणि इथे, सोलापुरात, येत्या बतुकम्माला शेजारच्या अक्काला विचारावे की ही पिवळी फुले कुठून आणली. ती सांगेल, आणि बसायलाही सांगेल.