व्हिसाच्या अर्जातले गणित

परदेशी सहलीला निघायचे म्हटले की घरात आधी चर्चा सुरू होते ती तिकिटांची, गरम कपड्यांची आणि खाऊच्या डब्यांची. पण या सगळ्याच्या अगोदर एक बराच कंटाळवाणा अर्ज भरावा लागतो. तो म्हणजे व्हिसाचा अर्ज. घरातील मोठी माणसे तो भरत असतील तेव्हा तुम्ही त्यांच्या शेजारी अवश्य बसा. त्या अर्जात तुमच्या आठवी-नववीच्या गणिताला पुरून उरेल एवढा मजकूर दडलेला आहे, आणि तो समजला तर घरच्यांचे पैसे व सुट्टी दोन्ही वाचण्याचा संभव आहे.

पासपोर्ट आणि व्हिसा यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. पासपोर्ट देते आपले सरकार. 'ही व्यक्ती आमची नागरिक आहे' एवढे ते सांगते. व्हिसा देते ते ज्या देशात जायचे त्या देशाचे सरकार. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'पाहिलेला'. म्हणजे या माणसाचे कागद आम्ही पाहिले आहेत, त्याने आमच्या दारापर्यंत यायला हरकत नाही. दार उघडायचे की नाही हे शेवटी सीमेवरचा अधिकारीच ठरवतो.

नियम प्रत्येक देशाचे वेगळे. म्हणून आपण एकच उदाहरण घेऊ, शेंगेन व्हिसाचे. शेंगेन हे लक्झेंबर्गमधील मोझेल नदीकाठचे एक लहानसे गाव. तेथे १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी नदीतल्या एका बोटीवर करार केला आणि आपापसातील सीमांवरची तपासणी हळूहळू काढून टाकायचे ठरवले. त्या पाचांचे २०२५ सालापर्यंत एकोणतीस देश झाले. जर्मनी, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, ग्रीस हे सारे त्यात येतात आणि या सर्वांना मिळून एकच व्हिसा चालतो. ज्या देशात जास्त दिवस राहायचे त्याच्या वकिलातीकडे अर्ज करायचा. सर्वत्र सारखेच दिवस असतील, तर ज्या देशात प्रथम पाऊल ठेवणार त्याच्याकडे.

अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. सोबत परतीच्या प्रवासाचे आरक्षण, राहण्याची सोय, बँकेचा खातेउतारा आणि निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा जोडायचा. पासपोर्ट तिकडून निघाल्यानंतरही तीन महिने चालू राहणारा हवा. मोठ्या माणसाची फी जून २०२४ मध्ये ८० युरोंवरून ९० युरो झाली, आणि अर्ज नामंजूर झाला तरी ती परत मिळत नाही.

आता गणिताकडे वळू. अर्जात विचारतात, 'किती दिवस राहणार?' या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. यातला 'कोणत्याही' हा शब्द महत्त्वाचा आहे. जानेवारी ते जून असे ठरलेले सहा महिने येथे नसतात. तुम्ही तेथे असाल त्या प्रत्येक दिवशी, तो दिवस धरून मागचे १८० दिवस मोजायचे आणि त्यांत तुम्ही किती दिवस तेथे होता ते पाहायचे. पुठ्ठ्याची १८० चौकोनांची पट्टी कापून ती वर्षाच्या लांब दिनदर्शिकेवरून रोज एकेक घर पुढे सरकवावी, तसे हे आहे. पट्टीच्या पुढच्या टोकाला आजचा दिवस आत येतो आणि मागच्या टोकाने एक जुना दिवस बाहेर पडतो.

समजा, एक आजी जर्मनीतल्या आपल्या मुलीकडे १ एप्रिल ते २० मे राहिल्या. येण्याचा व जाण्याचा दिवस दोन्ही धरतात, म्हणून हे ५० दिवस झाले. त्या १ सप्टेंबरला पुन्हा गेल्या, तर आता किती दिवस राहू शकतील? बहुतेक जण चटकन सांगतील, नव्वदातून पन्नास गेले, उरले चाळीस. उत्तर चुकले! १ सप्टेंबरला पट्टीचे मागचे टोक ६ मार्चवर असते. २७ सप्टेंबरला ते १ एप्रिलवर येते, तेव्हा जुने ५० आणि नवे २७ मिळून ७७ दिवस भरतात. २८ सप्टेंबरपासून मात्र रोज एक नवा दिवस आत येतो तेव्हा एक जुना बाहेर पडतो. बेरीज ७७ वरच अडकून राहते, ती थेट १६ नोव्हेंबरपर्यंत. तोवर जुने सगळे दिवस निघून गेलेले असतात. पुढे बेरीज पुन्हा वाढू लागते आणि २९ नोव्हेंबरला ९० होते. म्हणजे आजींना चाळीस नव्हे, पुरे नव्वद दिवस मिळतात. अर्थात व्हिसावर जेवढे दिवस छापले असतील त्यांच्यापलीकडे जाता येत नाही, हे वेगळे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून या देशांनी सीमेवर शिक्क्यांऐवजी संगणकात नोंद करायला टप्प्याटप्प्याने सुरुवात केली. संगणक ही पट्टी क्षणात सरकवतो. पूर्वी तेच काम अधिकारी शिक्के पाहून बोटांवर करत.

बोटांवरून आठवले. अर्जाबरोबर दहाही बोटांचे ठसे घेतात आणि ते ५९ महिन्यांपर्यंत पुढच्या अर्जांना चालतात. या ठशांच्या इतिहासात आपला एक अभिमानाचा दुवा आहे. १८९७ साली कलकत्त्यात अंगुलिमुद्रांची कचेरी निघाली. तेथे लाखो ठशांतून हवा तो कागद कसा शोधायचा, हा प्रश्न होता. अझिझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी त्यासाठी लागणारी मांडणी तयार केली. नाव मात्र झाले त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे! मांडणी सोपी होती. प्रत्येक बोटावर चक्र आहे की नाही, एवढेच पाहायचे. एका बोटाच्या दोन शक्यता, तर दहा बोटांच्या किती? दोनाचा दहावा घात, म्हणजे १०२४. बत्तीस ओळी आणि बत्तीस स्तंभ यांत तेवढेच खण बरोबर बसतात. आजचे यंत्र त्याहून बारीक पाहते. रेषा कोठे संपते, कोठे दुभंगते, याचा ते नकाशा करते.

पण अर्जातली सर्वांत मोलाची नोंद ठशांची नव्हे, ती पासपोर्टच्या क्रमांकाची. व्हिसा त्या क्रमांकाशी बांधलेला असतो. अर्जातला एक अंक चुकला आणि तो तसाच व्हिसावर उतरला, तर व्हिसा एका पासपोर्टचा आणि हातात पासपोर्ट दुसराच, अशी अवस्था होते. मग माणूस विमानतळावरच्या खिडकीपाशीच अडकतो. कागद नीट नसलेला प्रवासी तेथे नेला तर त्याला परत आणण्याचा भार विमान कंपनीवर पडतो, म्हणून ती मंडळीही या बाबतीत कडक असतात.

घरातला कोणाचाही पासपोर्ट उघडा आणि छायाचित्राच्या पानाच्या तळाशी पाहा. तेथे ठसठशीत अक्षरांच्या दोन ओळी दिसतील, प्रत्येकीत ४४ खुणा. या ओळी यंत्राने वाचण्यासाठी आहेत. जगभर त्या एकाच नमुन्याच्या असतात, कारण तो नमुना आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९८० साली प्रसिद्ध केला. २४ नोव्हेंबर २०१५ नंतर असे यंत्रवाच्य नसलेले पासपोर्ट चलनातून जावेत असे ठरले होते, म्हणून आपल्याकडचे हाताने लिहिलेले जुने पासपोर्टही तेव्हा बदलून घ्यावे लागले.

दुसऱ्या ओळीत आरंभी पासपोर्टचा क्रमांक असतो. त्याला नऊ जागा दिलेल्या आहेत. आपल्या क्रमांकात एक अक्षर व सात अंक मिळून आठच खुणा, म्हणून नववी जागा कोनासारख्या खुणेने भरतात. तिच्या पुढचा अंक मात्र क्रमांकाचा भाग नाही. तो आहे पडताळा अंक. तो असा काढतात. इंग्रजी ए ला १० मानायचे, बी ला ११, असे करत झेड ला ३५. कोनाच्या खुणेला शून्य. मग प्रत्येक जागेच्या किमतीला क्रमाने ७, ३, १, पुन्हा ७, ३, १ यांनी गुणायचे आणि बेरीज करायची. बेरजेच्या एकक स्थानचा अंक हाच पडताळा अंक.

नमुन्यादाखल ए१२३४५६७ हा क्रमांक घेऊ. गुणाकार अनुक्रमे ७०, ३, २, २१, १२, ५, ४२, २१ आणि शेवटी ०. बेरीज १७६, म्हणून पडताळा अंक ६. आता यंत्राने शेवटचा ७ चुकून ८ वाचला असे समजा. बेरीज १७९ होते, पडताळा ९ येतो, छापलेला असतो ६. यंत्र लगेच म्हणते, पुन्हा वाचू द्या.

७, ३, १ हेच अंक का घेतले? २, ४ किंवा ५ घेतले असते तर काय बिघडले असते? ५ चा गुणक असलेल्या जागी २ चा ४ झाला असे धरा. बेरीज १० ने वाढेल, एकक स्थान तेच राहील आणि चूक निसटेल. ७, ३ आणि १ यांचा १० शी १ शिवाय सामाईक अवयव नाही. त्यामुळे एका अंकाऐवजी कोणताही दुसरा अंक वाचला तरी फरक दहाच्या पटीत येऊच शकत नाही. एका अंकाची चूक हमखास सापडते.

अक्षरांच्या बाबतीत मात्र एक फट राहते. ए, के आणि यू यांच्या किमती १०, २०, ३०, म्हणजे पडताळ्याच्या दृष्टीने तिन्ही शून्यच. जी ची किंमत १६. इंग्रजी जी आणि ६ दिसायलाही जवळचे, आणि त्यांतला फरक नेमका १०! ही चूक बेरजेला दिसत नाही. म्हणूनच अक्षरांच्या वळणावर भिस्त ठेवावी लागते. या ओळींतील ओसीआर-बी नावाचे टाइप स्वित्झर्लंडचे अड्रियान फ्रुटिगर यांनी १९६८ साली यंत्राला आणि माणसाला सारखेच वाचता यावे म्हणून आखले होते.

याहून मोठी फट शेजारच्या अंकांच्या अदलाबदलीची. ४५ चे ५४ झाले तर वरच्या उदाहरणात बेरीज १७८ होते आणि चूक सापडते. पण १६ चे ६१ झाले तर? गुणक ७ व ३ धरले तर आधी ७ आणि १८ मिळून २५, नंतर ४२ आणि ३ मिळून ४५. एकक स्थान तेच! शेजारच्या दोन अंकांत ५ चा फरक असेल तेव्हा असेच होते. कारण ७, ३, १ यांतल्या शेजाऱ्यांमधला फरक नेहमी सम असतो, आणि समसंख्येला पाचाने गुणले की शेवटी शून्यच येते. पुस्तकांच्या जुन्या दहा अंकी क्रमांकात १० ऐवजी ११ ने भागत, त्यामुळे तेथे ही फट नव्हती. मात्र बाकी १० आली की एका अंकाच्या जागी एक्स हे अक्षर छापावे लागे.

यंत्राला ही फट फारशी नडत नाही. यंत्र एखादी खूण चुकीची वाचील, पण अंकांची जागा बदलणार नाही. जागा बदलतो तो आपण, ३८ वाचून ८३ लिहिणारा माणूस. आणि व्हिसाचा अर्ज भरतो माणूसच! शेंगेनच्या अर्जात पडताळा अंकाचा रकानाही नाही. तेव्हा अर्ज भरून झाला की एकाने पासपोर्टवरचा क्रमांक शेवटून सुरुवातीकडे एकेक अंक मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने अर्जावर बोट ठेवून जुळवावा. उलटे वाचताना सवयीने पुढचा अंक तोंडात येत नाही, म्हणून ही पद्धत चांगली.

नावाचे तर याहून नाजूक. पहिल्या ओळीत आडनाव, मग दोन कोन, मग उरलेले नाव असते, आणि त्या ओळीला पडताळा अंक एकही नाही. आपल्या नावांचे इंग्रजी स्पेलिंग घरोघरी वेगळे. दीपकमधला दीर्घ ई कोणी एका आय ने लिहितो, कोणी दोन ई ने. शिवाय पासपोर्टवर वडिलांचे किंवा पतीचे नाव बहुधा पहिल्या नावाला जोडून येते, ते अर्जात गाळून कित्येक जण फक्त स्वतःचे नाव लिहितात. तेव्हा आपण नाव कसे लिहितो हे विसरून, पासपोर्टवर जसे आहे तसेच अक्षर न् अक्षर उतरवावे.

व्हिसाचे लेबल हातात आले की त्याच्याही तळाशी अशाच दोन ओळी दिसतील. पासपोर्टची ओळ पी ने सुरू होते, व्हिसाची व्ही ने. क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत या तिन्हींना तेथेही ७, ३, १ चाच पडताळा आहे.

जन्मतारीख या ओळींत साल, महिना, दिवस अशी सहा अंकांत लिहितात, सालाचे शेवटचे दोनच अंक घेऊन. एका आजोबांचा जन्म २६ जानेवारी १९५० चा आहे असे समजा, म्हणजे ५००१२६. याचा पडताळा अंक काढा. मग पहिल्या दोन अंकांची अदलाबदल करून २००५ साली जन्मलेल्या त्यांच्या नातवाची तारीख करा, ०५०१२६, आणि पुन्हा काढा. दोन्ही वेळा ४ आले तर तुमचे गणित बरोबर आहे.