व्यायामाची गोडी कोण लावणार?

निरोगी शरीर ही वैयक्तिक शिस्तीची बाब आहे, हे आपण इतक्या वेळा ऐकतो की त्याची शहानिशा करण्याचे सुचतच नाही. पहाटे उठणारा निग्रही आणि न उठणारा आळशी, अशी सरळ विभागणी आपण करून टाकलेली असते. तीन दशकांहून अधिक काळ प्रशासनात काढल्यानंतर मला मात्र ही विभागणी पटेनाशी झाली आहे. एखादी हिताची गोष्ट देशातले निम्मे प्रौढ करत नसतील, तर दोष त्यांच्या स्वभावात शोधण्याआधी भोवतालच्या व्यवस्थेत शोधावा, असे कारभाराचा अनुभव सांगतो.

‘निम्मे’ हा शब्द अतिशयोक्तीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी जून २०२४मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२२ साली भारतातील सुमारे ५० टक्के प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के होते. येथे ‘पुरेशी’ म्हणजे आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल, म्हणजे दिवसाकाठी वीस-बावीस मिनिटे झपझप चालणे. त्याच्या आदल्या वर्षी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे दाखवले होते. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवले की व्यायाम हा हौसेचा विषय राहत नाही. तो सार्वजनिक खर्चाचा आणि अकाली अपंगत्वाचा विषय होतो.

मी चेन्नईच्या वेस्ट मांबलम भागात राहतो. दाट वस्ती, अरुंद रस्ते, कल्याण मंडप, मेसचे फलक आणि मोठ्या संख्येने निवृत्त माणसे, असा हा भाग. येथे ‘लेक व्ह्यू रोड’ आहे. तळे मात्र नाही. एकेकाळी या परिसरात ‘लाँग टँक’ नावाचा लांबलचक तलाव होता. १९२०च्या दशकात त्याच्या पात्रात भराव घालून मद्रासच्या नगररचनाकारांनी त्यागराय नगर वसवले. नियोजनपूर्वक वसलेल्या त्या नगराच्या मध्यभागी पानगल पार्क आले. पुढे नटेसन पार्कही सकाळी चालणाऱ्यांचे आवडते ठिकाण झाले. लोहमार्गाच्या पश्चिमेला आमच्या वाट्याला तशी ऐसपैस बाग आली नाही. वस्ती वाढली, घरांच्या इमारती झाल्या आणि पदपथांवर दुचाक्या आल्या. मे २०२३मध्ये मांबलम रेल्वे स्थानकापासून त्यागराय नगर बसस्थानकापर्यंतचा उंच पादचारी मार्ग सुरू झाला, तेव्हा काही ज्येष्ठ नागरिक खरेदीसाठी नव्हे तर केवळ चालण्यासाठी त्यावर जाताना मी पाहिले. विनाअडथळा चालता येईल अशी जागा मिळताच माणसे चालू लागतात. त्यांना कोणी व्याख्यान दिलेले नव्हते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. आपल्या समाजाला शारीरिक श्रमाची गोडी लावण्याची कला अवगत होती. फक्त तिला व्यायाम हे नाव नव्हते. मराठी वाचकांना वारीचे उदाहरण द्यायला नको. आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर साठी-सत्तरीतील माणसे, डोईवर तुळस घेतलेल्या आयाबाया, पायी कापतात. त्यामागची प्रेरणा भक्तीची आहे आणि तिला आरोग्याच्या हिशेबात बसवणे अनुचित ठरेल. तरीही वारीची रचना कारभाऱ्याने न्याहाळावी अशी आहे. चालणारा एकटा नसतो, दिंडीत त्याची जागा ठरलेली असते. मुक्काम आधीच नेमलेले असतात. मुखी अभंग असतो, पावलांना टाळांची लय असते. वाटेत फुगडी असते, रिंगण असते. थकवा येतो, पण थकलेल्याला सांभाळून घेणारे हात बाजूलाच असतात.

मंगळागौरीच्या खेळांचेही तसेच. झिम्मा, फुगडी, पिंगा यांत रात्रभर घाम गाळणाऱ्या मुलींना आपण व्यायाम करतो आहोत हे कोणी सांगितले नव्हते. लोखंडी साखळीच्या लेझमीने खांदे आणि पाय यांची जी मेहनत होते, ती ढोल-हलगीच्या ठेक्यावर कधी झाली ते कळत नाही. आमच्या तमिळ प्रदेशातील कुम्मी आणि कोलाट्टम ही याच कुळातली. कोलाट्टम म्हणजे टिपऱ्यांचा फेर. मार्गळी महिन्यात पहाटे भजन गात रस्त्यांतून फिरणाऱ्या मंडळींच्या पावलांतही तीच लय असते. या सगळ्यांत तीन गोष्टी समान आहेत: सोबत, ताल आणि ठरलेली वेळ. निग्रहाचा क्रमांक त्यांच्या मागे लागतो.

विसाव्या शतकात शरीरसाधनेला राष्ट्रकार्याचा अर्थ आला आणि ती शाळेच्या वेळापत्रकात शिरली. सातारा जिल्ह्यातील औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे नाव येथे आदराने घ्यावे लागेल. चित्रकार असलेल्या या राजाने स्वतः नित्यनेमाने सूर्यनमस्कार घातले, १९२८ मध्ये त्यावर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले आणि संस्थानातील शाळांत नमस्कार सक्तीचे केले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. स्वातंत्र्यानंतर, १९५४ मध्ये, आझाद हिंद सेनेतील सेनानी जगन्नाथराव भोसले यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय शिस्त योजना सुरू झाली; १९६५च्या सुमारास ती राष्ट्रीय सुदृढता दलाच्या कार्यक्रमात विलीन झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘फिट इंडिया’ आले.

या प्रयत्नांमागील तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्यांतील बहुतेकांचा सूर कवायतीचा होता. शिट्टी वाजली की रांग उभी राहायची आणि शाळा सुटली की कवायतही सुटायची. सक्तीने सवयीची ओळख करून देता येते. ती सवय पुढची चाळीस वर्षे टिकवण्याचे बळ सक्तीत नसते. खुद्द सूर्यनमस्काराचे भाग्य पाहा. संस्थान विलीन झाले, त्याचे नियम इतिहासजमा झाले. नमस्कार मात्र आज जगभरच्या योगवर्गांत घातले जातात आणि तेथे कोणावर सक्ती नसते. लोक आपल्या इच्छेने, बहुधा पैसे मोजून आणि चार ओळखीच्या चेहऱ्यांसोबत ते घालतात.

मग शासनाने करायचे काय? याचे एक उत्तर चेन्नईतच, मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनच्या संशोधकांनी नोंदवून ठेवलेले आहे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी शहरातील दोन वसाहतींची आरोग्यपाहणी केली. त्यांतील मध्यमवर्गीय वसाहतीत मधुमेहाचे प्रमाण जास्त आढळले. संशोधकांनी रहिवाशांना त्याची कारणे समजावून सांगितली. पुढे रहिवाशांनी स्वतः पैसे उभे करून वसाहतीत बाग आणि चालण्याची वाट तयार केली. काही वर्षांनी पुन्हा पाहणी झाली, तेव्हा नियमित व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांवरून सुमारे ५९ टक्क्यांवर गेलेले आढळले. माणसे तीच होती. बदलले होते ते त्यांच्या दारासमोरचे दृश्य. शिवाय ती बाग त्यांची होती. तिच्यात त्यांचा पैसा होता आणि शब्दही. याच संस्थेने पुढे मुलींसाठी आणि स्त्रियांसाठी नृत्यावर आधारित दहा मिनिटांचा जोरकस व्यायामप्रकार तयार केला आणि त्याला ‘तांडव’ असे नाव दिले. ज्यांना मैदान नाही, सायंकाळी बाहेर जाण्याची मोकळीक नाही, त्यांच्या घरात व्यायाम नेण्याचा हा विचार आहे. ५७ टक्क्यांच्या त्या आकड्याकडे पाहता तो योग्य दिशेने केलेला आहे.

माझ्या इमारतीतील एक लहानसा प्रसंग येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. दोन वर्षांपूर्वी नवरात्रात काही स्त्रियांनी गच्चीवर कोलाट्टम सुरू केले. नवरात्र संपले तरी खेळ थांबला नाही. आठवड्यातून चार संध्याकाळी त्या जमू लागल्या. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने आवाजाची तक्रार केली, आणि तीही खोटी नव्हती. गच्चीला कुलूप लावावे, असा प्रस्ताव रहिवाशांच्या सभेत आला. तेव्हा साठीपुढच्या एक विधवा बाई उभ्या राहिल्या. करोनाच्या टाळेबंदीनंतर त्यांचे गुडघे धरले होते आणि बाहेर जाणे जवळजवळ थांबले होते. त्या म्हणाल्या, “डॉक्टरांनी चालायला सांगितले तेव्हा मी चालले नाही. येथे मात्र येते, कारण मी नाही आले तर फेरात जोडी मोडते.” सभेने कुलुपाचा प्रस्ताव मागे घेतला. वेळ सहा ते पावणेसात ठरली आणि टिपऱ्यांच्या टोकांना कापड गुंडाळले गेले. वरच्या मजल्यावरच्या सूनबाई आता त्या फेरात असतात.

प्रेरणेविषयी मी जे काही वाचले आहे, त्यांत त्या बाईंच्या वाक्याइतके नेमके क्वचितच आढळले. जोडी मोडेल या भावनेत जबाबदारी आहे आणि आपण कोणाला तरी हवे आहोत याचे समाधानही आहे. मनगटावरचे यंत्र पावले मोजू शकते. आपण आलो नाही म्हणून ते खट्टू होत नाही.

पावलांच्या आकड्यांविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. तमिळनाडू सरकारने नोव्हेंबर २०२३मध्ये राज्याच्या ३८ जिल्ह्यांत प्रत्येकी आठ किलोमीटरच्या आरोग्य-पदयात्रेच्या वाटा आखल्या. उपक्रम स्वागतार्ह आहे. आठ किलोमीटरचा संबंध दहा हजार पावलांशी आहे; पण दहा हजार हा आकडा वैद्यकशास्त्राने दिलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पदमापकाचे नावच ‘दहा हजार पावलांचा मापक’ अशा अर्थाचे होते. तेथून तो जगभर रुळला. २०१९ मध्ये अमेरिकेतील वयस्क स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोकाही २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा लक्षणीय कमी आढळला, आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर फायदा फारसा वाढला नाही. सत्तरीच्या माणसापुढे आठ किलोमीटर ठेवले तर तो पहिल्या किलोमीटरवरच हिंमत हरेल. त्याला गल्लीच्या टोकापर्यंतचे आणि परतीचे अंतर द्यावे, आणि ते चालण्यासारखे करून द्यावे.

येथे प्रश्न पुन्हा महापालिकेच्या दारात येतो. चेन्नई महापालिकेने २०१४मध्ये मोटारविरहित वाहतुकीचे धोरण स्वीकारले. वाहतूक विभागाच्या तरतुदीपैकी किमान ६० टक्के रक्कम पादचारी आणि सायकलस्वारांच्या सोयींवर खर्च करण्याचे उद्दिष्ट त्यात होते. २०१९मध्ये पाँडी बाजारात रुंद पदपथांचा पादचारी चौक उभा राहिला आणि लोकांनी तो आपलासा केला. पुणे महापालिकेनेही पादचारी धोरण आखले आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्ता एका दिवसापुरता वाहनमुक्त ठेवला. असा एक दिवस साजरा करणे सोपे असते. उरलेल्या ३६४ दिवसांचे काय, आणि पाँडी बाजारापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या माझ्या गल्लीचे काय, हे धोरणाच्या परीक्षेचे प्रश्न आहेत.

माझ्या सूचना साध्या आहेत. शाळांची मैदाने सकाळ-संध्याकाळ परिसरातील नागरिकांना खुली करावीत. बागांच्या वेळा नोकरदार स्त्रियांच्या वेळांशी जुळवाव्यात. तेथे दिवे आणि स्वच्छतागृहे असावीत. खुल्या व्यायामशाळांची यंत्रे बसवून नावाची पाटी लावण्यापेक्षा प्रत्येक प्रभागात लेझीम, कोलाट्टम, कबड्डी, योग यांपैकी जे लोकांना रुचेल ते शिकवणारी दोन-तीन माणसे मानधनावर नेमावीत. आणि योजनेचे यश उद्घाटनाच्या गर्दीवर न मोजता तिसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात किती माणसे येतात, यावर मोजावे. मी सेवेत असताना अनेक योजनांचे पहिल्या महिन्याचे अहवाल वाचले. तिसऱ्या वर्षाचा अहवाल मागणारे वरिष्ठ फार थोडे भेटले.

वाचकाने मात्र शासनाची वाट पाहत बसू नये. जे करताना घड्याळाकडे लक्ष जात नाही असे काहीतरी निवडावे, त्याची वेळ ठरवावी आणि आपण आलो नाही तर विचारपूस करील असा एक तरी सोबती जोडावा. निग्रह दोन-चार आठवडे साथ देतो. सोबत्याची हाक त्यापुढेही ऐकू येते. शासनाने तेवढ्यासाठी जागा द्यावी, उजेड द्यावा आणि गच्चीला कुलूप लावू नये.