खांबावर चढणाऱ्याचा वाटा

समांतर वीज परवान्यांच्या, म्हणजे एकाच भागात दुसऱ्या कंपनीलाही वीजवितरणाची परवानगी देण्याच्या, बातम्या पुन्हा मथळ्यांत आल्या आणि मला नाशिकच्या गंगापूर रोडवरची एक पावसाळी रात्र आठवली. आनंदवल्लीच्या पुढे झाडाची फांदी तारांवर पडून अख्खी गल्ली अंधारात होती. साडेअकराला दोन वायरमन आले. धाकट्याने लाइन तोडणारा एबी स्विच खाली ओढला. थोरला खांबाला हात लावण्याआधी आमच्या इमारतीकडे बघून ओरडला, "जनरेटर चालू आहे का कुणाचा? आधी बंद करा!" जनरेटरमधून उलटा आलेला करंट खांबावरच्या माणसाचा जीव घेतो. मग अर्थिंग लावून, बॅटरीच्या उजेडात तो वर चढला. कुठला झंपर सैल आहे, कुठल्या डीपीवर लोड जास्त आहे, त्याला सगळं तोंडपाठ.

हे ज्ञान कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. त्यामुळे वीजवितरणाची मालकी बदलायची म्हटलं की परवाना, भांडवल, दर यांवर खल होतो आणि खांबावरचा माणूस चर्चेबाहेर राहतो. समांतर परवान्याविरोधातल्या ४ जानेवारी २०२३ च्या संपात महाराष्ट्रातल्या सरकारी वीज कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी 'खासगीकरण नको' असं ठणकावलं आणि तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या आश्वासनानंतर त्याच दिवशी संप मागे घेतला. त्यांचं 'नको' रास्तच होतं. पण मग काय हवं?

याचं एक उत्तर मुंबईत कुर्ल्यात दिलं गेलं होतं. तांब्या-पितळेच्या नळ्या बनवणारी कामानी ट्यूब्स ही तर खासगीच कंपनी. मालक कुटुंबातल्या भांडणांनी ती डबघाईला आली आणि १९८५ मध्ये बंद पडली. डी. थंकप्पन यांच्या नेतृत्वाखालच्या युनियनने केवळ नुकसानभरपाई न मागता कारखानाच मागितला. १९८८ मध्ये आजारी उद्योगांसाठीच्या मंडळाने, बीआयएफआरने, कामगारांची योजना मंजूर केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. कामगारांनी पदरचा पैसा घातला, भट्ट्या पुन्हा पेटल्या, सुरुवातीला नफाही झाला. पुढे खेळतं भांडवल आटलं, आपसांत मतभेद वाढले आणि नव्वदच्या दशकात कंपनी पुन्हा आजारी पडली.

'कामगारांना धंदा जमत नाही' असा याचा अर्थ काढणाऱ्यांनी इंडियन कॉफी हाउसकडे बघावं. १९५७ मध्ये कॉफी बोर्ड आपली कॉफी हाउसं बंद करत होतं, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पाठबळावर कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली. त्यांतल्या कित्येकांत आजही पांढऱ्या फेट्यातला वाढपी कॉफी आणून देतो. फरक भांडवलाचा आहे. कपबशा आणि टेबलांवर कॉफी हाउस चालतं. नळ्यांच्या कारखान्याला तांबं विकत घ्यावं लागतं, तेही रोख मोजून.

भांडवलाचं हे महत्त्व वेल्समधल्या टॉवर कोळसा खाणीतही दिसलं. सरकारने १९९४ मध्ये बंद केलेली ही खाण २३९ कामगारांनी नोकरी गेल्यावर मिळालेल्या रकमेतून प्रत्येकी ८ हजार पौंड घालून विकत घेतली. ती २००८ पर्यंत चालली. कोळसा होता, गिऱ्हाईक होतं, आणि पैसा वेळेवर उभा राहिला.

वीजवितरणाचं जाळं कुणाच्या वर्गणीतून विकत घेता येणार नाही, हे उघड आहे. पण वाटा मागता येतो. तोही कंपनी धडधाकट असताना. कुलूप लागल्यावर बहुतेकदा हाती कर्जच येतं. शेअर एकेकट्याच्या नावावर दिले, तर मुलीच्या लग्नात नाहीतर दवाखान्यात ते विकले जातात. म्हणून ते कर्मचाऱ्यांच्या सामाईक संस्थेकडे राहावेत आणि त्यांच्या जोरावर संचालक मंडळात मतासह खुर्ची मिळावी. युनियनच्या मागणीपत्रात पगारवाढीच्या शेजारी हे कलम यायलाच हवं.

आणि त्या संस्थेचं सभासदत्व कायम नोकरीवाल्यांपुरतं राहिलं, तर ती पहिल्याच दिवशी अर्धी होईल. त्या रात्री पावसात एबी स्विच ओढणारा धाकटा वायरमन कंत्राटी होता.