२५,७१२ अळ्यांतले दोन नर

अंधेरी-घाटकोपरच्या गच्च्यांवरच्या टाक्यांचं झाकण नीट बसलेलं नसलं, की आत अ‍ॅनॉफिलीस स्टीफन्सीची मादी अंडी घालते. मुंबईत मलेरिया पसरवणारा हा मुख्य डास. १९०१ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं लिस्टन या संशोधकाने, एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला डासांचा अभ्यास करताना.

२०१५ साली कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी याच जातीत मलेरियाविरोधी जनुकं क्रिस्पर या डीएनए कापून जोडण्याच्या तंत्राने बसवली. त्यासाठी २५,७१२ अळ्या तपासल्या आणि बदल सापडला फक्त दोन नरांत. १२,८५६ मध्ये एक! एका अळीला १० सेकंद धरले, तरी नुसत्या नजर टाकण्यालाच ७१ तास लागतात. त्याआधी अर्ध्या मिलिमीटरच्या अंड्यांना, कवच टणक व्हायच्या आत, एकेक करून सुई टोचायची. फळमाशीत परकं जनुक कायमचं बसवणं १९८२ मध्येच साधलं होतं; स्टीफन्सीत ते जमायला २००० साल उजाडलं. फळमाशीसारख्या शतकभर सांभाळलेल्या, नीट अभ्यासलेल्या प्राण्यासाठी घडवलेली हत्यारं दुसऱ्या प्राण्यात सहज चालत नाहीत, ती अशी.

पुढचा आकडा मात्र थक्क करतो. सुमारे १७ हजार अक्षरांचा तो डीएनएचा तुकडा स्वतःची नक्कल जोडीच्या गुणसूत्रावर करतो, आणि साध्या डासांशी संकर केल्यावर ९९.५ टक्के पिल्लांत उतरतो. एरवी निम्म्याच पिल्लांत उतरला असता. पण मादीकडून वारसा आला की गणित बिघडतं: तिने अंड्यात ठेवलेलं कास९, म्हणजे क्रिस्परमधलं डीएनए कापणारं प्रथिन, अवेळी काप घेतं, पेशी तो घाईने सांधते, आणि त्या जागेची अक्षरंच बदलतात.

अक्षरं बदलली, की कास९ची ही कात्री आंधळी. तिला जागा दाखवणारा पत्ता २० अक्षरांचा असतो. चार अक्षरांपासून असे १,०९,९५१ कोटी पत्ते बनू शकतात; डासाचा जीनोम आहे साधारण साडेतेवीस कोटी अक्षरांचा, त्यामुळे एक पत्ता योगायोगाने दुसरीकडे जुळण्याची शक्यता कमी. प्रयोगशाळेतल्या एकसारख्या डासांत पत्ता अचूक लागतो. बाहेरच्या डासांत मोक्याचं एक अक्षर वेगळं निघालं, तर काप बसत नाही, आणि त्या डासाची पिल्लं तेच अक्षर पुढे नेतात. जीनोमचा जवळपास पूर्ण नकाशा २०२१ मध्ये आला, तेव्हा कीटकनाशकांना दाद न देण्याशी संबंधित २९ जनुकं प्रथमच दिसली. तोही प्रयोगशाळेतल्या एका वाणाचा नकाशा. माझ्या मते, नवा डास घडवण्याआधी पैसा खर्च व्हावा तो मालाड, बोरिवली, मुलुंडचे शेकडो डास पकडून त्यांचा डीएनए वाचण्यावर.