आर्नोलचं बिनधुराड्याचं घर

स्कॉटलंडच्या वायव्येला, अटलांटिकचा वारा थेट अंगावर घेणाऱ्या लुईस बेटावर आर्नोल नावाचं गाव आहे. तिथलं ४२ क्रमांकाचं घर १८८०च्या सुमारास बांधलेलं. १९६० नंतरही काही वर्षं त्यात माणसं राहत होती; आज ते ‘हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट स्कॉटलंड’ ही संस्था सांभाळते. अशा घरांना ब्लॅकहाउस म्हणतात. एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्या अनेकांना ती पाहून कीव आली, नाहीतर किळस. गुरं आणि माणसं एकाच दारानं आत जातात, धुराडं नाही, उजेड जेमतेम. हे सगळं खरंच होतं. पण घर म्हणजे शेतीचंच एक अवजार, असं धरून त्याच्याकडे पाहिलं की यातल्या एकेका गोष्टीचा हिशेब लागत जातो.

लुईसवर झाडं जवळपास नाहीत, दगड मात्र अमाप. हा नाइस खडक काही ठिकाणी ३०० कोटी वर्षांइतका जुना आहे. घराच्या भिंती दुहेरी: कोकणातल्या गडग्यासारख्या, चुन्याशिवाय रचलेल्या दोन दगडी भिंती आणि मधल्या पोकळीत ठासून भरलेली माती नि पीट, म्हणजे दलदलीतली, जळणालाही वापरतात ती कुजकट माती. एकूण जाडी दीड मीटरच्या पुढे. बाहेरचे कोपरे गोल, वाऱ्याला अडायला कुठे धारच नाही.

खरं कसब आहे ते भिंतीच्या माथ्यावर. छप्पर आतल्या भिंतीवर टेकवलेलं, त्यामुळे घराला वळचणच नाही. पुढे आलेली वळचण असती तर वादळानं तिच्याखाली शिरून अख्खं छप्पर उचललं असतं. वळचण नसल्यानं पावसाचं पाणी भिंतीच्या रुंद माथ्यावर उतरतं. तिथे गवताची ढेकळं अंथरून बाहेरच्या बाजूला उतार दिलेला असतो. तरीही मुरलेलं पाणी मधल्या भरावात जातं, आणि तो ओलसर भराव दगडांच्या फटींतून येणारा वारा अडवतो.

लाकूड इतकं दुर्मीळ, की समुद्रानं किनाऱ्यावर आणून टाकलेले ओंडके वाशांना लागत. वाशांवर गवताळ मातीचे पापुद्रे, त्यावर पेंढा, त्यावरून दोरांचं जाळं आणि दोरांच्या टोकांना बांधलेले दगड.

आता धुराबद्दल. घराच्या मधोमध, जमिनीवरच पीटची आग. तिच्यावर आढ्याच्या साखळीला टांगलेली किटली. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, सकाळी पुन्हा फुलवायचे. धूर छपरातूनच वाट काढत झिरपे आणि जाता जाता काजळी पेंढ्यात मुरवत जाई. किडे दूर राहत, वासे टिकत. आणि ती काजळी हेच एक पीक होतं! काळा झालेला पेंढा उतरवून शेतात खत म्हणून पसरत आणि छप्पर नव्यानं शाकारत. त्यासाठी सातूची ताटं कापण्याऐवजी मुळासकट उपटत. खालच्या अंगाच्या गोठ्यात हिवाळाभर साचलेलं शेण वसंतात त्याच जमिनीला जाई. छपरासाठी पेंढा देणाऱ्या शेताला खत घरातूनच मिळे. हे चक्र ज्यांनी जमवलं त्यांना मागास म्हणायला माझं मन तयार होत नाही.

धुराची किंमतही होती, ती लपवून चालणार नाही. डोळे चुरचुरत, छाती भरे, आणि त्या दाटीत क्षयरोगाची भीती मोठी होती. आरोग्य अधिकाऱ्यांनी गोठा वेगळा करा म्हणून धरलेला आग्रह चुकीचा नव्हता.

मात्र घर सुधारायचं तर जमीन उद्याही आपलीच राहील याची खात्री हवी. १८४४मध्ये हे बेट जेम्स मॅथेसन यांनी विकत घेतलं. त्यांची संपत्ती चीनशी केलेल्या अफूच्या व्यापारातून आलेली. मुंबई बंदरातून माळव्याची अफू पाठवणारे जमशेटजी जीजीभाई हे त्यांच्या जार्डीन मॅथेसन कंपनीचे मोठे भागीदार-व्यापारी. तेव्हा लुईसच्या मालकीची एक वाट मुंबईहूनही जाते. मालकाच्या मर्जीवर कसणाऱ्या कुळानं आपल्या पैशानं पक्कं घर का बांधावं? हाकलून दिलं की मेहनत मालकाच्या पदरात. कुळाला जमिनीवरून सहजी काढता येणार नाही, असं संरक्षण १८८६च्या क्रॉफ्टर्स कायद्यानं दिलं. पुढे एकेरी भिंतींची, चुन्यात बांधलेली, दोन्ही टोकांना धुराडी असलेली ‘व्हाइट हाउस’ गावोगावी उभी राहत गेली. आर्नोलमध्ये तसंच एक घर या घराच्या शेजारीच जपलं आहे. उजेड आला, स्वच्छता आली. पण आगीची बरीचशी ऊब धुराड्यातून बाहेर जाऊ लागली.

आर्नोलच्याच किनाऱ्यावरच्या गिअरॅनन गावातून शेवटचे रहिवासी १९७४मध्ये बाहेर पडले. तिथली ब्लॅकहाउस दुरुस्त करून आता पाहुण्यांना राहायला देतात. बाहेरून शाकारलेलं छप्पर, आत आजच्या सोयी. घरं पडली नाहीत याचा आनंद आहे. पण हे बांधकाम समजून घ्यायचं असेल, तर मी आर्नोलचंच नाव घेईन. तिथे जमिनीवर अजून पीट पेटवतात आणि धूर छपरातूनच वाट काढतो.