यादी, खण आणि गाठ



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून उन्हाळ्यातील संध्याकाळी इतिहास, अर्थशास्त्र, समाजसुधारणा अशा विषयांवर व्याख्याने ऐकण्याचा प्रघात आपल्याकडे पडला आहे. आमचा आजचा विषय त्या पंक्तीत जरा परका वाटेल. 'शेल स्क्रिप्टमधील असोसिएटिव्ह ॲरेत यादी कशी ठेवावी' असे त्याचे पूर्ण नाव आहे. एवढ्यानेच मागच्या रांगेतील मंडळी चपला शोधू लागतील, याची आम्हास जाणीव आहे. म्हणून ते नाव क्षणभर बाजूला ठेवून आम्ही यवतच्या मुक्कामापासून आरंभ करतो.

तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. देहूहून निघालेली पालखी आकुर्डी, पुणे आणि लोणी काळभोर असे मुक्काम करीत यवतला येते. पुढे वरवंड, उंडवडी गवळ्याची, बारामती अशी पंढरीची वाट धरते. त्या रात्री यवतकर वारकऱ्यांना पिठले-भाकरी वाढतात, हे यवतकरांनाच काय सांगावे? परंतु दोन मुक्कामांच्या मध्ये विसावेही असतात. लोणी काळभोरहून यवतला येताना कुंजीरवाडी फाटा, नायगाव फाटा, उरुळी कांचन आणि जावजीबुवाची वाडी लागते. यवतहून वरवंडला जाताना भांडगाव आणि केडगाव चौफुला लागतो. म्हणजे मुक्काम एक आणि त्याच्या पोटात विसाव्यांची यादी. आमचा सारा विषय एवढ्यात आला.

आता समजा, एखाद्या सेवा मंडळाने ठरविले की, प्रत्येक टप्प्याच्या विसाव्यांवर पाण्याचे टँकर आणि औषधांची गाडी वेळेवर उभी राहावी. त्यासाठी प्रत्येक टप्प्याचा एक कागद संगणकाकडून छापून घ्यायचा आहे. मंडळातील एखादा तरुण म्हणतो, "त्यात काय अवघड? एक शेल स्क्रिप्ट लिहितो." तो काय लिहितो आणि कोठे चुकतो, ते आपण पाहू.

शेल म्हणजे संगणकाशी लेखी आज्ञांनी बोलण्याचे साधन. आपण एक ओळ लिहावी, त्याने ती वाचून काम करावे. अशा ओळी एका कागदावर क्रमाने लिहून ठेवल्या की झाली शेल स्क्रिप्ट. युनिक्स या प्रणालीसाठी स्टीफन बोर्न यांनी लिहिलेला शेल १९७९ साली बाहेर पडला. त्याच्याच वळणावर ब्रायन फॉक्स यांनी १९८९ साली 'बॅश' नावाचा शेल तयार केला. आज जगातील असंख्य संगणकांवर तोच चालतो.

माहिती ठेवण्यासाठी बॅशपाशी दोन प्रकारची कपाटे आहेत. पहिल्या कपाटाच्या खणांवर क्रमांक असतात: शून्य, एक, दोन याप्रमाणे. त्यास साधा ॲरे म्हणतात. दुसऱ्या कपाटाच्या खणांवर क्रमांकाऐवजी नावाच्या चिठ्ठ्या असतात: 'यवत', 'वरवंड', 'उंडवडी गवळ्याची'. नाव सांगा, खण उघडा. हाच असोसिएटिव्ह ॲरे. त्याची सोय बॅशमध्ये २००९ साली, चौथ्या आवृत्तीत आली. ॲपलच्या संगणकांबरोबर मिळणारा बॅश अजून ३.२ या जुन्या आवृत्तीचा आहे. त्यात हे दुसरे कपाटच नाही, हे ध्यानात असू द्यावे.

हे कपाट मागताना 'डिक्लेअर' या आज्ञेला मोठ्या लिपीतील 'ए' ही खूण जोडावी लागते. ती विसरली तर बॅश साधे, क्रमांकाचे कपाट आणून देतो. मग मुक्कामांची नावे रोमन अक्षरांत लिहिली असतील, तर त्या नावांची किंमत शून्य धरली जाते आणि सर्व मुक्काम शून्य क्रमांकाच्या एकाच खणात एकावर एक पडतात. शेवटचा तेवढा राहतो, बाकीचे पुसले जातात, आणि तक्रार कोणीच करीत नाही.

आता मुख्य अडचण. चिठ्ठीच्या कपाटातील प्रत्येक खणात सलग मजकुराचा एकच तुकडा मावतो. खणात दुसरे कपाट बसत नाही. 'यवत' या खणात चार विसाव्यांची यादी यादी म्हणूनच ठेवू म्हटले, तर बॅश स्पष्ट नकार देतो. हा नकार एका परीने उपकारक आहे, कारण चूक तेथेच कळते. खरा धोका पुढच्या पायरीवर आहे. तरुण म्हणतो, "यादी नको तर नको, चारही नावे एका ओळीत लिहून ठेवतो." बॅश ती ओळ मुकाट्याने स्वीकारतो आणि दोन नावांमध्ये फक्त एक कोरी जागा राहते.

आम्ही स्वतः हा प्रयोग करून पाहिला. ओळ ठेवताना सारे ठीक होते. कागद छापण्यासाठी ती पुन्हा सोडविली, तेव्हा चार विसाव्यांचे आठ झाले! 'कुंजीरवाडी', 'फाटा', 'नायगाव', 'फाटा', 'उरुळी', 'कांचन', 'जावजीबुवाची', 'वाडी'. बॅशचा यात दोष नाही. आम्ही त्याला सांगितले की, कोरी जागा दिसली की नाव संपले. त्याने ते ऐकले. आपल्याकडील गावांची नावे दोन-दोन शब्दांची असतात, याचा विसर पडला तो आम्हाला.

कोणी म्हणेल, माणूस कागद वाचताना समजून घेईल. तो घेईलच असे नाही. पुण्याच्या आसपास उरुळी दोन आहेत. उरुळी कांचन सोलापूर रस्त्यावर, तर उरुळी देवाची सासवड रस्त्यावर, म्हणजे माउलींच्या पालखीच्या वाटेवर. लोणीचेही तसेच: लोणी काळभोर इकडे, लोणी कंद नगर रस्त्यावर. टँकरच्या चालकाच्या हाती नुसते 'उरुळी' लिहिलेला कागद पडला आणि तो सासवड रस्त्याला लागला, तर त्याचा दोष काय? आणि इकडे उन्हातून चालत आलेली म्हातारी माणसे विसाव्यावर रिकामी भांडी घेऊन बसली, तर त्यांचा तरी काय? एका कोऱ्या जागेची किंमत ही अशी मोजावी लागते.

यावर उपाय शोधताना आम्हाला पुण्याचे पेशवे दफ्तर आठवते. तेथील जुने कागद फडक्यांत बांधून ठेवण्याची रीत होती. त्या गठ्ठ्यांना 'रुमाल' म्हणत. रियासतकार सरदेसाई यांनी त्या दफ्तरातून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत प्रसिद्ध झाले. रुमाल फडताळात एक वस्तू म्हणून बसतो, पण सोडला की आत पुष्कळ कागद निघतात. आपल्यालाही यादीचा रुमाल बांधावयाचा आहे. प्रश्न इतकाच की, गाठ कशाची मारावी.

पहिली रीत विभाजक खुणेची. नावांच्या मध्ये कोरी जागा न ठेवता, कोणत्याही गावाच्या नावात कधीच येणार नाही अशी खूण ठेवावी. बहुतेक लोक उभी रेघ वापरतात. मात्र ती इंग्रजी कळफलकावरील उभी रेघ असावी, आपल्या ओवीच्या शेवटचा दंड नव्हे. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाच्या लेखी निराळे. याहून पक्की खूण हवी असेल तर तीही आहे. १९६३ साली ठरलेल्या आस्की या संकेतात २८ ते ३१ हे चार क्रमांक केवळ माहितीचे तुकडे वेगळे करण्यासाठी राखून ठेवले आहेत. त्यांतील ३१ क्रमांकाची खूण कळफलकावरून सहजी टंकित होत नाही, म्हणूनच ती नावात चुकून शिरत नाही.

बांधलेली ओळ सोडविताना 'रीड' या आज्ञेला ती खूण सांगावी आणि तुकडे साध्या, क्रमांकाच्या कपाटात उतरवून घ्यावेत. 'रीड' एका वेळी एकच ओळ वाचते. तेव्हा मजकुरातच ओळी तुटलेल्या असतील तर ही रीत चालणार नाही. आणखी एक भेद लक्षात ठेवावा. विभाजक कोरी जागा असेल तर लागोपाठच्या चार कोऱ्या जागा मिळून एकच धरल्या जातात, म्हणून मधला रिकामा रकाना नाहीसा होतो. उभ्या रेघेचे तसे नाही. दोन रेघांमधील रिकामा रकाना रिकामा म्हणूनच हाती येतो. फक्त अगदी शेवटचा रिकामा रकाना गळतो. सोडविण्याआधी ओळ अवतरणचिन्हांत ठेवण्यासही विसरू नये. उघडी ठेवली आणि तिच्यात एखादी तारकेची खूण सुटी असली, तर तिच्या जागी त्या फोल्डरमधील सगळ्या फायलींची नावे येऊन बसतात.

दुसरी रीत जोडचिठ्ठीची. यादीचा रुमाल बांधूच नये. प्रत्येक विसाव्याला स्वतंत्र खण द्यावा आणि चिठ्ठीवर 'यवत,१', 'यवत,२' असे लिहावे. यवतचे विसावे किती, तो आकडा वेगळ्या कपाटात टिपावा. मग एकपासून त्या आकड्यापर्यंत मोजीत गेले की यादी हाती आली. ऑक नावाची भाषा १९७७ सालापासून आहे. तिच्यात दोन नावांनी खण शोधण्याची सोय आतून याच युक्तीने केलेली आहे. येथे विसाव्याच्या नावात कोणतीही खूण आली तरी बिघडत नाही. मात्र मधला विसावा रद्द झाला तर आकड्यांत खिंड पडते आणि ती बुजविण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

तिसरी रीत पत्त्याची. प्रत्येक मुक्कामाची यादी वेगळ्या साध्या कपाटात ठेवावी आणि चिठ्ठीच्या खणात त्या कपाटाचे नाव तेवढे लिहावे. त्या नावावरून मूळ कपाटापर्यंत पोहोचण्याची सोय बॅशच्या ४.३ या आवृत्तीत, २०१४ साली आली. ही रीत देखणी आहे, पण कपाटाच्या नावात इंग्रजी अक्षरे, अंक आणि खालची रेघ याखेरीज काही चालत नाही. 'उंडवडी गवळ्याची' ही खणावरची चिठ्ठी होऊ शकते, कपाटाचे नाव होऊ शकत नाही. तेव्हा कपाटांना 'टप्पा पाच', 'टप्पा सहा' अशा अर्थाची रोमन नावे आपणच द्यावीत. बाहेरून आलेल्या फायलीतील मजकूर कपाटाचे नाव म्हणून कधीही वापरू नये. त्या वाटेने परक्याच्या आज्ञा आपल्या संगणकावर चालू शकतात.

तिन्ही रीतींना लागू असे तीन इशारे देऊन आम्ही आवरते घेतो.

पहिला इशारा क्रमाचा. चिठ्ठीच्या कपाटाला क्रम ठाऊक नसतो. सर्व मुक्काम दाखव म्हटले तर ते बारामती आधी आणि यवत नंतर दाखवील. वारीत दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो. रथापुढील कितवी आणि रथामागील कितवी यात कोणी फेरफार खपवून घेत नाही. म्हणून मुक्कामांचा क्रम साध्या कपाटात वेगळा लिहावा आणि त्याच्या आधाराने चिठ्ठीचे खण उघडावेत.

दुसरा इशारा शुद्धलेखनाचा. एका ओळीत 'उरुळी कांचन' आणि दुसऱ्या ओळीत 'उरळी कांचन' अशा चिठ्ठ्या लिहिल्या तर बॅश दोन खण करील आणि अर्धी माहिती इकडे, अर्धी तिकडे ठेवील. शब्दाच्या शेवटी राहिलेली एक कोरी जागाही नवा खण उघडण्यास पुरते. तेव्हा भरण्यापूर्वी प्रत्येक नाव मुक्कामांच्या मूळ यादीशी ताडून पाहावे आणि जुळले नाही तर तेथेच थांबावे.

तिसरा इशारा नळीचा. एका आज्ञेचे उत्तर दुसरीत सोडणाऱ्या नळीच्या शेवटी आवर्तन लावून कपाट भरले, तर ते भरणे बहुधा एका उपशेलमध्ये घडते. काम संपताच तो उपशेल जातो आणि त्याच्याबरोबर भरलेले कपाटही. आपल्या हाती मूळचे रिकामे कपाट राहते. उपाय सोपा आहे: नळी टाळून फाइल थेट आवर्तनाला जोडावी.

मग यांपैकी कोणती रीत घ्यावी? नावांच्या साध्या याद्या असतील तर उभ्या रेघेचा रुमाल पुरे. मजकुराचा भरवसा नसेल तर जोडचिठ्ठी. याद्या मोठ्या असून वरचेवर बदलत असतील तर पत्ता. आणि मुक्कामाच्या पोटात विसावे, विसाव्याच्या पोटात दिंड्या, दिंडीच्या पोटात माणसे असा पसारा होऊ लागला, तर बॅशचा हट्ट सोडून पायथनसारखी भाषा घ्यावी. तिच्या खणात यादी यादी म्हणूनच बसते. हत्यार बदलण्यात कमीपणा नाही.

ज्या मंडळींच्या घरी संगणक आहे, त्यांनी हे दोनच टप्पे, लोणी काळभोर ते यवत आणि यवत ते वरवंड, स्वतः लिहून पाहावेत. छापलेल्या कागदावर विसावे मोजावेत. पहिल्यावर चार आणि दुसऱ्यावर दोन भरले, आणि 'उरुळी कांचन' एकाच ओळीत सलग आले, तर तो कागद चालकाच्या हाती देण्यास हरकत नाही.