जुन्या नाण्यांचा लिलाव
जुन्या नाण्यांचा लिलाव म्हणजे संग्रहयोग्य नाण्यांची जाहीर बोलीने होणारी विक्री. चंद्रपूर-गडचिरोलीत शेत नांगरताना सापडलेले नाणे मात्र परस्पर लिलावात नेता येत नाही. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार १० रुपयांहून अधिक मूल्याच्या निधीची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते. ओळख पुसण्यासाठी तो वितळविल्यास कारावास होऊ शकतो. वितळविलेले नाणे सराफाच्या लेखी केवळ धातू उरते, हे नुकसान वेगळेच. जुन्या चांदा जिल्ह्यात सापडलेली सातवाहनांची नाणी तर पोटीन या हलक्या मिश्रधातूची. तरीही पुळुमावी, यज्ञ सातकर्णी यांचा इतिहास जुळविताना अभ्यासकांना ती मोलाची ठरली. रीतसर विकत घेतलेले शंभर वर्षांहून जुने नाणेही खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही.